हात आधी, तोंड मागून

ज्या माणसाने मला खो द्यायला शिकवलं, त्याला मैदानाबाहेर मीच घालवलं. आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवत रंगवत न्यायला लागणारा दम माझ्यात कधीच नव्हता. लहानपणी ताटावरून दोनदा उठून दारापर्यंत जाऊन यायचो. वडील म्हणायचे, "अरे, जरा बूड टेकव की एका जागी!" टेकत नसे, काय करू? आजही हे लिहिताना तीनदा उठून झालंय, आणि सून आतून विचारतेय, काय हरवलंय म्हणून.

आम्ही सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. वडील सरकारी दफ्तरात कारकून. शेरवानी घालून, रुमी टोपी चढवून जायचे, दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन मराठीत चिडायचे. माझी शाळा कोठीच्या अलीकडे होती. खाजगी, मराठी, भाड्याच्या इमारतीतली. मागे एक बोळवजा मैदान, त्यात कडुनिंबाचं एक झाड. फुटबॉल खेळायला जागा नाही, क्रिकेटला सामान नाही. म्हणून खो-खो. दोन खांब रोवले, चुन्याने चौकोन आखले, झालं.

आमचे ड्रिलमास्तर मुसलमान होते. पूर्वी फौजेच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचे, छातीत काही बिघडलं म्हणून सुटले आणि आमच्या शाळेत आले. त्यांनी खो-खो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्यांनी आमचा अख्खा डाव बघितला आणि विचारलं, "सब ठीक हय मियाँ, लेकिन इसमें गेंद किधर हय?" आम्ही हसून लोळलो. तेही हसले. मग जमिनीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "अच्छा, सिखाओ मेरेकू." तेरा-चौदा वर्षांच्या पोरांपुढे पन्नाशीचा माणूस शिकायला बसला. असला मास्तर आम्ही तरी कधी पाहिला नव्हता.

खो-खो काही मराठी वाचकाला समजावून सांगायचा खेळ नाही. फक्त एका नियमाची आठवण करून देतो. बसलेल्या गड्याच्या पाठीवर आधी हात लागला पाहिजे आणि मग तोंडातून 'खो' निघाला पाहिजे. तोंड आधी सुटलं तर चूक, पंच शिट्टी मारतो, मागे येऊन पुन्हा खो द्यावा लागतो आणि तोवर पळणारा चार चौकोन पार करून गेलेला असतो. माझा सगळा जन्म याच चुकीत गेला. मी संघात सगळ्यांत चपळ होतो, हे मी फुशारकीने सांगत नाही, सगळे म्हणायचे. पण माझं तोंड माझ्या हाताच्या हातभर पुढे असायचं. खो! आणि हात अजून हवेत.

दुसरा कुणी मास्तर असता तर कान पिळला असता. हे काय करायचे? दहा वेळा मी चुकायचो, ते गप्प. अकराव्या वेळी चुकून बरोबर पडला की मैदानाच्या त्या टोकावरून ओरडायचे, "हौ पाशा! येइच! येइच खो!" हाच खरा खो, म्हणायचे. दहा चुका जणू त्यांना दिसल्याच नाहीत. एकदा मीच वैतागून म्हणालो, "मास्टरसाब, चुकतो तेव्हा बोला की." तर म्हणाले, "वो तो तेरेकू मालूम हय. जो मालूम नइ वो बतातूँ." नंतर हळूच म्हणाले, "जल्दी कायकू? पहले हाथ पहुँचन दे, फिर मुँह खोल."

आणि त्यांचा तो फेरा. खेळ संपला की सगळ्यांनी गोल बसायचं. ज्याने त्याने आपल्या उजवीकडच्याच्या पाठीवर थाप मारायची आणि आज त्याने काय चांगलं केलं ते सांगायचं. याला आम्ही शाबासकीचा फेरा म्हणायचो. सोपं वाटतं ना? छे! नियम कडक. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं, ऐकलेलं नाही. आणि मोघम बोललेलं चालायचं नाही. कुणी म्हणालं, "हा छान पळाला," की मास्तर लगेच, "किधर? कैसा? पूरा बोल. आधा नक्को." मग त्या पोराला आठवून आठवून सांगावं लागायचं की खांबाला वळसा घेताना याने डावा पाय आत टाकला आणि म्हणून मारणारा फसला. मास्तर स्वतः गोलाच्या बाहेर उभे राहायचे. त्यांच्या पाठीवर थाप कुणी मारत नसे. ते मास्तर, आम्ही पोरं, तसा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

मला तो फेरा नकोसा व्हायचा. बसून राहावं लागे ना! पण त्या फेऱ्यापायी आम्ही खेळताना एकमेकांकडे बघायला लागलो, हे खरं. संध्याकाळी काहीतरी सांगायला हवं म्हणून बघायचो, मग बघायची सवयच लागली. खांबाजवळ आमचा एक उंच गडी बसायचा, उदगीरकडच्या शेतकरी घरातला, मामाकडे शिकायला राहिलेला. तो मला एका चौकोनावरून नुसत्या खांद्याने कळवायचा की पळणारा कुठे वळणार. आम्ही एकमेकांशी दिवसभर भांडायचो आणि मैदानात एकमेकांवाचून आमचं पान हलायचं नाही.

मग ते वर्ष आलं. तिकडे सगळीकडे स्वातंत्र्य आलं होतं, आमच्या संस्थानात यायचं होतं. येणार की नाही हेही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. शेजारची घरं एकेक करून सोलापूरकडे निघाली. सकाळी उठावं तर समोरच्या दाराला कुलूप. संघात बारा जण होतो ते नऊ उरलो. नऊ म्हणजे अगदी काठावर. एकाला जरी ताप आला की खेळ बंद. रस्त्यात खाकी कपडे घालून, हातात काठ्या आणि भाले घेऊन तांडे फिरायचे, घोषणा द्यायचे. आई दारातून आत ओढायची. जीव थाऱ्यावर नसायचा कुणाचाच, आणि माझा तर मुळातच नव्हता.

माझ्या मोठ्या भावाला त्या खाकीवाल्यांनी अफझलगंजात गाठलं. त्याच्या खिशात कसलीशी पत्रकं सापडली. हात मोडला. घरी आणला तेव्हा आई त्याच्याकडे न बघता चूल फुंकत बसली. वडील शेरवानीची बटणं लावत होते ती लावतच राहिले. त्यांना दफ्तरात जायचंच होतं, न जाऊन सांगतात कुणाला? मी नुसता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होतो. मला कुणाला तरी मारायचं होतं. कुणालाही.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. भावासाठी हाडवैद्याकडून तेल आणायला मी नदीपलीकडे गेलो होतो. परत येताना एका मोकळ्या पटांगणात लेफ्ट-राइट ऐकू आलं. आवाज ओळखीचा. भिंतीच्या पडक्या भागातून डोकावलो. वीस-पंचवीस पोरं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, खाकीत, खांद्यावर काठ्या. आणि समोर आमचे मास्तर.

पळून जावं असं वाटलं, पण पाय निघेनात. म्हणून पुढचंही पाहिलं. मास्तरांनी त्या पोरांना थांबवलं. काठ्या खाली ठेवायला लावल्या, एका ढिगात. म्हणाले, ड्रिल रिकाम्या हाताने होते. मग त्यांना गोल बसवलं आणि चक्क आमचा फेरा सुरू केला! उजवीकडच्याच्या पाठीवर थाप मारा, आज त्याने काय चांगलं केलं सांगा. ती दांडगी पोरं आधी खिदळली, मग एकाने खरंच सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांचा कुणी म्होरक्या आला. काठ्यांचा ढीग बघून भडकला. सगळ्यांदेखत त्याने मास्तरांच्या थोबाडीत मारली. टोपी उडून मातीत पडली. मास्तर वाकले, टोपी उचलली, गुडघ्यावर आपटून झटकली आणि डोक्यावर ठेवून मुकाट चालायला लागले. पुन्हा वळून बघितलं नाही.

हे सगळं मी पाहिलं, इतक्या जवळून की टोपीतली माती उडालेली दिसली. पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात काय उरलं होतं माहीत आहे? त्यांनी आमचा फेरा त्यांना दिला. आमचा! माझ्या भावाचा हात मोडणाऱ्यांना! थोबाडीत बसली ती मला दिसून न दिसल्यासारखी झाली. मत्सर म्हणा, राग म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

दुसऱ्या दिवशी फेऱ्यात माझी पाळी आली तेव्हा मी तोंड शिवून बसलो. मास्तरांच्या गालावर वळ होता. ते म्हणाले, "आज नइ दिख्या? कल दिखेगा." मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार दिवसांनी शाळाच बंद झाली.

मग पोलीस ॲक्शन. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. रेडिओभोवती माणसं, मिठाई, झेंडे. वडिलांनी रुमी टोपी कपाटात ठेवली आणि दोन दिवस बोडक्यानेच फिरले, डोक्यावर काय घालायचं ते त्यांना सुचेना. आनंद झाला होता, प्रचंड. भाऊ मोडक्या हाताने झेंडा धरून गल्लीत नाचला. पण नदीपलीकडच्या मोहल्ल्यांतून येणाऱ्या बातम्या घरातली माणसं हळू आवाजात बोलायची आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायची.

शाळा उघडली. मास्तरही आले, पण वर्गांमागून, भिंतीच्या कडेकडेने. दुसऱ्याच दिवशी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. आत हेडमास्तर आणि शाळेच्या कमिटीतले वकीलसाहेब. वकीलसाहेबांच्या टेबलावर कागद होते. आमच्या उंच गड्याला मी एकदा रागाच्या भरात अर्धवट काहीतरी बोललो होतो, तो मामापाशी बोलला, मामा आणखी कुणापाशी. ते फिरून तिथे पोचलं होतं.

वकीलसाहेबांनी मला बसायलाही सांगितलं. म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. एकच सांग. तुमचे ड्रिलमास्तर त्या खाकीवाल्यांना कवायत शिकवत होते, हे तू पाहिलंस?"

"हो," मी म्हणालो.

"स्वतःच्या डोळ्यांनी?"

"स्वतःच्या डोळ्यांनी."

"शाबास!" वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मोडक्या हाताचा भाऊ ना याचा? शाबास रे!" आणि लिहायला लागले.

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण ती शाबासकी इतकी आयती पडली होती पाठीवर, आणि मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं, की पुढचं घशातच राहिलं. तोंड आधी, हात मागून. माझी तीच जुनी चूक, पण इथे शिट्टी मारायला पंच नव्हता. मला जा म्हणाले, मी आलो. दुसऱ्या दिवसापासून मास्तर दिसले नाहीत.

नवे आले. शिट्टी गळ्यात, रूळ हातात. "गाढवांनो" शिवाय वाक्य सुरू व्हायचं नाही. फेरा त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केला. "ही काय बायकांची हळदीकुंकवं चाललीत?" म्हणाले. चूक झाली की पोटरीवर रूळ. मग काय, पोटरी वाचवण्यासाठी जो तो चूक दुसऱ्यावर ढकलायला लागला. उंच गडी मला खांद्याने कळवेनासा झाला. चुकलं तर रूळ त्याला बसायचा ना! सुलतान बाजारातल्या दुसऱ्या शाळेशी सामना ठरला होता आणि आम्ही नऊ जण नऊ दिशांना तोंडं करून खेळत होतो.

मला जेवण जाईना. आई म्हणाली, जंत झाले असतील, आणि एरंडेल पाजलं. एरंडेलाने निघणारी गोष्ट असती तर फार बरं झालं असतं! शाळेत जाताना मी वाट वाकडी करून मास्तरांच्या मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत जायचो आणि तिथून पळत परत यायचो. चार वेळा गेलो, चारही वेळा पळालो.

पाचव्या दिवशी खेळ संपल्यावर मी सगळ्यांना झाडामागे बोलावलं. म्हटलं, बसा, फेरा करायचाय. कुरकुरत बसले. माझी पाळी पहिली लावून घेतली, पण कुणाच्या पाठीवर थाप मारली नाही. सगळं सांगितलं. ड्रिल, काठ्यांचा ढीग, फेरा, थोबाडीत, टोपी. आणि मग वकीलसाहेबांची खोली.

उंच गडी उठला आणि त्याने मला असं काही ढकललं की मी झाडावर आपटलो. "अरे, तू पूरा नाही बोललास?" तो ओरडला. "मी आधा ऐकून मामाला सांगितलं, आणि तू पूरा पाहून नाही बोललास?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उलटून मारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यानेच मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "चल. हेडमास्तरांकडे. सगळेच चला."

नऊ जण त्या खोलीत मावत नव्हतो. नशिबाने वकीलसाहेबही तिथेच होते. मी उभ्याने सगळं बोललो, टोपीतल्या मातीपर्यंत. वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

"मग तेव्हा का नाही बोललास हे?"

"तुम्ही शाबास म्हणालात म्हणून," मी म्हणालो.

हेडमास्तर खिडकीकडे बघायला लागले. वकीलसाहेब लाल झाले, काहीतरी पुटपुटले, जागा आता भरली आहे, ठराव झालेला आहे, असं तसं. पण हेडमास्तर भला माणूस. त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. शाळेचा गैरसमज झाला, आपण भेटायला यावं, कामाचं बघू. उर्दूत लिहिली होती, फार अदबीने.

मास्तर अफझलगंजात एका बँडवाल्याच्या दुकानात होते. लग्नाचा मोसम जवळ आलेला. फळीवर बसून पितळी कर्णा चिंचेने घासत होते. आम्हा नऊ जणांना बघून त्यांनी हात पुसले. चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली.

"किसने बोल्या?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "पहिल्यांदाही मीच बोललो होतो."

"मालूम हय." ते शांतपणे म्हणाले. वकीलसाहेबांनी काढून टाकताना त्यांना सांगितलं होतं, तुमच्याच खो-खोच्या पोराने पाहिलंय. मग त्यात ओळखायला काय कठीण? त्या दिवसापासून त्यांच्याकडे न बघणारा मी एकटाच होतो.

मला वाटलं होतं, ते रागावतील. किंवा माफ करतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "दफ्तर में तूने पूरा बोल्या सो अच्छा हुआ. लेकिन मय अपनी आँखों से नइ देख्या. नइ देख्या सो उसकी शाबासकी नइ देता." आणि कर्णा पुन्हा घासायला घेतला. मी म्हणालो, "सामन्याला तरी याल?" त्यांनी कर्ण्यात तोंड घालून आत कुठे डाग राहिलाय का ते बघितलं. "आतूँ," ते आतून बोलले, त्यामुळे आवाज घुमला.

सामन्याच्या दिवशी ते आले. बँडचा लाल कोट अंगात, कारण दुपारी लग्न होतं. हेडमास्तरांनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. दोरीच्या बाहेर लोकांत उभे राहिले. वकीलसाहेब खुर्चीवर होते. नवे मास्तर शिट्टी चावत होते. मला काय झालं होतं सांगू? मला नुसता सामना जिंकायचा नव्हता, मला तो जिंकून त्या माणसाला हाताला धरून परत मैदानात आणायचं होतं. जिंकलो की कमिटी ऐकेल, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. पोरबुद्धीच ती.

शेवटच्या डावात आम्ही मारणारे. एक गडी बाद केला की आम्ही पुढे, नाही तर हरलो. वेळ संपत आलेली. उंच गड्याने खांद्याने खूण केली, कितीतरी दिवसांनी. पळणारा त्याच्या बाजूला वळणार होता. मी झेपावलो. उंच गड्याची पाठ एका हातावर. 'खो' माझ्या जिभेवर आला होता. तेव्हाच सोडला असता तर उंच गडी क्षणभर आधी उठला असता, आणि गर्दीच्या आरड्यात पंचाला काही कळलंही नसतं. मी दात आवळले. हात पाठीवर टेकला. त्याच्या सदऱ्याचा घाम तळव्याला लागला. मग म्हणालो, खो.

तो उठला, हात लांबवला आणि पळणाऱ्याच्या शर्टाला त्याची बोटं नुसती चाटून गेली. शिट्टी. संपलं. हरलो.

नवे मास्तर आमच्यावर तोंडसुख घेत होते, पण आम्ही ऐकतच नव्हतो. न सांगता आम्ही नऊ जण चुन्याच्या रेघांवर गोल बसलो. लोक बघत होते. मग मास्तर दोरीखालून वाकून आत आले. नेहमीसारखे बाहेर उभे राहतील असं वाटलं, तर ते लाल कोट सावरत माझ्या आणि उंच गड्याच्या मध्ये चक्क मांडी घालून बसले. "अब मय मास्टर नइ हूँ," ते म्हणाले, "अब बैठ सकतूँ."

फेरा सुरू झाला. त्यांची पाळी आली. त्यांच्या उजव्या हाताला मी असावा म्हणून ते मुद्दाम तिथे बसले होते, हे मला तेव्हा कळलं. हात पाठीवर पडला. जड, पितळ घासून खरखरीत झालेला.

"आज हाथ पहले पहुँच्या," ते म्हणाले. "मय देख्या."

मी रडलो. ओक्साबोक्शी, सगळ्या सुलतान बाजारादेखत. त्यांनी हात काढला नाही. पण माझी पाळी राहिली होती. माझ्या उजवीकडे आमच्यातला सगळ्यांत लहान गडी होता; त्याने आपली थाप सोडली, उठला आणि सरकून दुसरीकडे बसला. मग मी डावीकडे वळलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांत त्या पाठीवर आमच्यापैकी कुणाचा हात पडला नव्हता. लाल कोटाखाली हाडं लागत होती. वकीलसाहेब चार हातांवर बसले होते. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी सांगितलं. मास्टरसाबनी वीस पोरांच्या हातांतल्या काठ्या खाली ठेवायला लावल्या. त्यांना आमचा फेरा शिकवला. त्याबद्दल थोबाडीत खाल्ली. टोपी स्वतः उचलली. मी पाहिलं. अगदी सगळं पाहिलं.

माझ्या हाताखाली त्यांची पाठ एकदा हलली, एवढंच.

हेडमास्तर जवळ आले, म्हणाले, सोमवारी या, मी कमिटीशी बोलतो. मास्तर उठले, धूळ झटकली, टोपी घातली. "सोमवार को शादी हय साब," ते म्हणाले. "उसके बाद बी हय." अदबीने हात कपाळाला लावला आणि वऱ्हाड गाठायला निघून गेले. ते शाळेत परत आले नाहीत. जागा नव्या मास्तरांचीच राहिली. मी बोललो, पूर्ण बोललो, पण उशिरा बोललो, आणि उशिरा दिलेल्या खोने गडी बाद होत नाही हे त्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

पुढे मी बरीच वर्षं पोरांना खो-खो शिकवला. फेरा घेत राहिलो. पोरं कंटाळायची, मीही कंटाळायचो, तरी घ्यायचो. एखादं पोर अर्धंच सांगून थांबलं की अजून मला धडकी भरते. मी त्याला तसंच बसवून ठेवतो आणि म्हणतो, पूरा बोल.